अर्धा पेढा

पेढ्याच्या वासाने मला मळमळतं. साताऱ्यात जन्मलेल्या बाईने असं बोलणं म्हणजे गावाची अब्रू घालवणं, हे मला कळतं. आमच्याकडे पोरगा पास झाला, म्हैस व्याली, कोर्टातला दावा जिंकला, कशालाही कंदी पेढा लागतो. पण त्या आटवलेल्या खव्याचा तुपकट, किंचित करपलेला वास नाकात शिरला की माझ्या तोंडाला आंबट पाणी सुटतं आणि मी तोंड फिरवते. लग्नघरी कुणी ताट पुढे केलं तर "गोड बंद केलंय" अशी सोयीची थाप मी मारत नाही. मला किळस येते, असं सरळ सांगते. समोरच्या बाईचा चेहरा उतरतो, तर उतरू दे. पेढ्याहून जास्त किळस मला त्या सोयीच्या थापांची आहे, आणि माझ्या लहानपणातला हा जो तुकडा मी आज लिहायला बसले आहे तो अशा थापांनीच भरलेला आहे.

माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, साताऱ्यात एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला राहायला दिलेल्या. आमच्या घराला स्वयंपाकाचा वास कमी आणि मिक्श्चरचा जास्त. भिंतीपलीकडे दिवसभर तात्यांचा खल वाजायचा, गोळ्या कुटल्याचा तो बारीक टकटक आवाज, मग पुड्या बांधताना कागदाची सळसळ. तेव्हा पातळ औषध काचेच्या बाटलीत मिळायचं, आणि बाटलीवर तात्या कागदाची एक पट्टी चिकटवायचे. पट्टीची एक कड कात्रीने खाचा पाडून कापलेली. एक खाच म्हणजे एक डोस. औषध एका खाचेवरून दुसऱ्या खाचेवर उतरलं की एक वेळ झाली. या पट्ट्या कापण्यात आणि त्या समजावण्यात तात्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. डोंगराकडच्या वस्तीवरून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांसमोर ते उकिडवे बसायचे आणि सांगायचे, "आवं मावशी, ही वरची खाच दिसती न्हवं? सकाळी हितवर प्यायचं. मग ही दुपारची. आदी बाटली हलवायची, मग वतायचं. आता तुमी सांगा बघू मला, काय करायचं?" म्हातारी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. चारदा विचारलं तरी त्यांचा आवाज चढायचा नाही. लोक म्हणायचे, डॉक्टरपेक्षा कंपाउंडरच्या सांगण्याने निम्मं दुखणं जातं.

माझी बहीण शकू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी तेरा वर्षांची होते तेव्हा ती नऊ वर्षांची. बोलायची फार थोडं, आणि बोलली तर आपलंच वाक्य आपल्याला परत द्यायची. "शकू, जेवलीस?" "शकू, जेवलीस." डोळ्याला डोळा देत नसे. दवाखान्यातल्या रिकाम्या अकरा बाटल्या तिने खिडकीत उंचीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या, आणि त्यांतली एक जरी कुणी सरकवली तर ती घशातून एक लांब, एकसुरी आवाज काढायची, बाटली जागेवर जाईपर्यंत. दुपारी नगरपालिकेचा भोंगा वाजला की ती पाटावर येऊन बसायची. भाकरीचे चार तुकडे, ताटात एकमेकांना न लागता. आमटी वाटीत, भाकरीपासून हातभर लांब. आणि चार वाजता पेढा. बाळंतपणं, बऱ्या झालेल्या पोरांचे आईबाप, सगळे डॉक्टरांना पेढे आणून द्यायचे. डॉक्टरांना गोड वर्ज्य, म्हणून पुडा आमच्या घरात यायचा. चार वाजता शकू उंबऱ्यापाशी उभी राहायची, हात पुढे न करता, फक्त तोंड उघडून. पेढा भरवायचा तो मीच. आईच्या हातून ती पेढा घेत नसे, तात्यांच्याही नाही. मला याचा फार अभिमान होता, हेही सांगून टाकते.

आज तिला काय आहे ते सांगायला शब्द आहेत. काही वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका शाळेत मी एका तरुण बाईंचं भाषण ऐकायला गेले होते. स्वमग्न मुलांशी कसं बोलावं, असा विषय. बाई हुशार होत्या, पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. रोजच्या क्रमात काही बदलणार असेल तर आधी सांगा, थोड्या शब्दांत सांगा, किती दिवस राहिले ते डोळ्यांना दिसेल असं काहीतरी ठेवा, आणि खोटं बोलू नका. भोवतीचे आईबाप वहीत उतरवून घेत होते. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी "खोटं बोलू नका" याच्याखाली दोन रेघा मारल्या. चांगले शिकलेले गृहस्थ होते. पोटच्या पोरीशी खोटं बोलू नये हे माणसाला वहीत लिहून घ्यावं लागतं, हे पाहून मला तिथे बसवेना.

तर डॉक्टर थकले. त्यांनी दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला जायचं ठरवलं, म्हणजे तात्यांची नोकरी गेली आणि डोक्यावरच्या दोन खोल्याही गेल्या. तात्यांचे थोरले भाऊ, आमचे आप्पा, सांगलीत हळदीच्या पेठेत मुनीम होते. त्यांनी तात्यांना तिथल्या एका औषधाच्या दुकानात चिकटवून दिलं आणि वखारीमागची एक खोली बघितली. सगळ्या बोळाला ठाऊक झालं. फक्त शकूला सांगायचं नाही असं ठरलं.

"तिला सांगून काय उपेग?" आई म्हणाली. "तिला काय कळतंय? उगंच आकांत करंल आठ दिवस."

आणि हेच लोक तिच्यासमोर कुजबुजत बोलायचे. जिला काही कळत नाही तिच्यासमोर आवाज कशाला खाली करायचा, हे मी आईला विचारलं तेव्हा आईने मला डोळे वटारले. घर रिकामं होऊ लागलं. पहिल्या दिवशी पितळी भांडी पोत्यात गेली. शकू फळीसमोर जाऊन उभी राहिली आणि घशातला आवाज सुरू झाला. "कल्हईला दिल्यात," आई म्हणाली. कल्हई शकूला माहीत होती. कल्हईवाला बोळाच्या तोंडाशी भाता घेऊन बसायचा आणि सकाळी नेलेली भांडी संध्याकाळी चकचकीत होऊन परत यायची. ती उंबऱ्यावर बसून राहिली दिवेलागणीपर्यंत. दुसऱ्या दिवशी ट्रंका गेल्या. "कल्हईला." तिसऱ्या दिवशी लाकडी बाज गेली, तीही म्हणे कल्हईला. लाकडाला कल्हई! शेजारच्या बायका पदराआड हसल्या आणि मीही हसले. शकू मात्र तिन्ही दिवस उंबऱ्यावर बसली, कारण आईने सांगितलं होतं म्हणजे ते परत येणार होतं. चौथ्या दिवशी ती बसली नाही. आपल्या अकरा बाटल्यांकडे पाठ करून उभी राहिली आणि कुणाला खिडकीजवळ येऊ देईना.

जायच्या दिवशी दुपारी खल वाजला. दवाखाना तर बंद झालेला, तेव्हा हे काय कुटतायत म्हणून मी बघायला गेले. तात्यांनी गोळीची पूड एका पेढ्यात मळली, पेढा पुन्हा गोल केला, वर अंगठ्याने दाबून तसाच खळगा पाडला. हात इतका सफाईदार की फरक कळू नये. "सुमे, तुज्याच हातचं घेती ती," तात्या म्हणाले. "निजंल वाईच. ट्रकात तरास न्हाई हुयाचा, तिलाबी आन् आपल्यालाबी." त्यांनी हे अगदी मायेने म्हटलं. मला त्या मायेचीही आज शिसारी येते. पण त्या दिवशी मी पेढा घेतला. चार वाजता शकू उंबऱ्यापाशी आली, तोंड उघडलं, मी भरवला. तिने चावला आणि थांबली. कडू लागला असणार. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोळ्यांत. सबंध वर्षात ती असं दोनदा-तीनदा पाहत असेल. मी म्हणाले, "पेढाच हाय." ती म्हणाली, "पेढाच हाय." आणि गिळला.

आप्पांनी पेठेतला परतीचा ट्रक ठरवला होता. ड्रायव्हरने शकूला पोत्यासारखी उचलून केबिनमध्ये माझ्या मांडीवर टाकली. तिचं तोंड उघडं, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ माझ्या परकरावर उतरत होती, पापण्यांखालून डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. ड्रायव्हर बिडी ओढत होता. कऱ्हाड गेलं. इस्लामपूरच्या अलीकडे ती झोपेतच ओकली, सगळं माझ्या मांडीवर. आंबलेलं दूध, डिझेल आणि त्या गोळीचा कडवट वास. पुसायला काही नव्हतं, सांगलीपर्यंत मी ते तसंच घेऊन बसले. मांडीवरचं ऊन ऊन गार होत गेलं. हा वास धुतल्याने जातो असं लोक म्हणतात. माझा गेला नाही.

सांगलीची खोली हळदीच्या वखारीला पाठ लावून होती. सकाळी डोळे उघडले तर सगळ्यावर पिवळी धूळ, पाण्याच्या तांब्यावर, भाकरीच्या पिठात, नाकाच्या शेंबडात. हमालांच्या आरोळ्या, तराजूचे दणके. भोंगा तिथे ऐकू येत नव्हता. शकू उठली आणि साताऱ्यातच राहिलेल्या बाटल्या शोधत तिने भिंत चाचपली. मग डोकं भिंतीवर आपटायला लागली. किती वेळ, ते मी लिहीत नाही. थांबली तेव्हा ती ओरडलीही नाही. कोपऱ्यात बसली आणि तिने तोंड मिटलं. अक्षरशः मिटलं. भाकरी नाही, भात नाही, दूध नाही, आणि माझ्या हातचं तर नाहीच. तोंडापाशी घास नेला की ती ओठ आत ओढून घ्यायची. पाणी ती स्वतः नळाला तोंड लावून प्यायची. दोन दिवसांनी तिने आप्पांच्या पोराच्या हातातल्या भुईमुगाच्या शेंगा ओढून घेतल्या आणि टरफलं फोडून खाल्ल्या. मग मला उमजलं. ज्याला टरफल आहे, ज्याच्यात कुणाला काही घालता येत नाही, तेवढंच ती खात होती. शेंगा. साल शाबूत असलेली केळी. अंडी, पण स्वतः सोललेली. मी आईला हे सांगितलं तर आई म्हणाली, "एवढी आक्कल तिला कुठली?"

शेंगांवर पोर किती दिवस राहणार? शकूच्या गळ्याची हाडं वर आली. आप्पा एके संध्याकाळी पान जमवत म्हणाले, जतच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेवर एक मठ आहे, तिथे असली माणसं ठेवून घेतात. "बरी हुत्यात म्हंत्यात. न्हाई झाली तर ऱ्हाईल तितंच. दोन टाइम आंबील तरी मिळंल."

"बांधून घालत्यात का?" आईने विचारलं.

"पळून जाऊ नाई म्हणून," आप्पा म्हणाले. "सगळ्यांनाच न्हाई घालत."

"परत कवा आणायचं तिला?" मी विचारलं. आप्पांनी पिंक टाकली. आई पदर तोंडात धरून रडायला लागली; रडली, पण नको म्हणाली नाही. तात्यांनी मान खाली घातलेली वर केली नाही. तिथलं बोलणं निम्मं कानडी. जिला आपल्या घरातलं मराठी कुणी धड सांगितलं नाही तिला तिथे साखळी बांधून कानडीत कोण काय सांगणार होतं? गुरुवारी चार वाजता ओळखीची एक जीप जतकडे जाणार होती. शकूला काय सांगायचं, तर जत्रेला जायचं.

गुरुवारी वखारीच्या आवाजातही मला खल ऐकू आला. तात्यांनी मला आत बोलावलं. या वेळचा पेढा सांगलीचा होता, पांढरट, केशर लावलेला. तात्यांनी विचार करून ठेवला होता. पोरीला आता संशय आहे, म्हणून त्यांनी औषध पेढ्याच्या अर्ध्याच भागात घातलं होतं आणि त्या बाजूला एक चारोळी टोचली होती. "तिच्याम्होरं मोडायचा," ते मला समजावू लागले. "बिनचारोळीचा तू खायाचा, तिला दिसंल असा. मग चारोळीचा तिला द्यायचा. आता तू सांग बघू मला, काय करायचं?"

तोच आवाज, तेच उकिडवं बसणं, तेच चारदा विचारणं. मी सांगितलं, बरोबर सांगितलं. त्यांनी माझी पाठ थोपटली.  माझा बाप काही क्रूर माणूस नव्हता. आयुष्यभर लोकांची दुखणी हलकी करणारा माणूस होता, आणि त्याने आपली सगळी कला, सगळा धीर त्या एका चारोळीत आणून ठेवला होता.

जीप वखारीच्या दारात येऊन उभी होती. शकू कोपऱ्यात, गुडघे छातीशी. आई, आप्पा, तात्या दारापाशी उभे राहून दुसरीकडे बघितल्यासारखं करत होते. मी तिच्यासमोर बसले. पेढा मोडला. बिनचारोळीचा अर्धा खाल्ला. शकू माझ्या हनुवटीकडे बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने ओठ सैल सोडले. तोंड उघडलं नाही अजून, पण उघडणार होती, हे मला कळलं. आणि मी चारोळीचा अर्धा माझ्या तोंडात टाकला. धाडस-बिडस काही नव्हतं ते. ती जर परत म्हणाली असती "पेढाच हाय", तर मला ते ऐकवलं नसतं, एवढंच. कडू जहर लागलं. मी तिला म्हणाले, "शकू, यात औषध हाय. साताऱ्यातबी हुतं. मी खोटं बोलले." मग आप्पांचा हात माझ्या दंडावर बसला आणि त्यानंतरचं मला नीट आठवत नाही.

पुढचं आईने सांगितलं, तेही खूप वर्षांनी आणि रडत रडत. आप्पांनी मला एक ठेवून दिली. शकूला तशीच उचलून जीपमध्ये घाला म्हणाले. पण त्या झटापटीत अर्धा तास गेला, तोवर मी जमिनीवर कलले होते, आणि तात्या माझ्याकडे बघत उभे राहिले. तोंड उघडं, लाळ फरशीवर, डोळ्यांचं पांढरं दिसतंय. या वेळी त्यांनी औषध जास्त घातलं होतं, वाटेत जाग येऊ नये म्हणून. शकूला असं निजलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं, कारण ट्रकात ते मागे सामानावर बसले होते. ते खाली बसले, माझी नाडी धरली, आणि आप्पांना म्हणाले, "जावा तुमी." आप्पा काय काय बोलले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. तात्या पुन्हा तेवढंच म्हणाले. नाडीवरचं बोट त्यांनी रात्र संपेपर्यंत काढलं नाही असं आई म्हणायची, म्हणजे मी त्यांना माफ करावं. मी तेव्हा केलं नाही.

सकाळी जाग आली ती ओकतच. तात्या समोर होते. जीभ जड झालेली, तरी मी त्यांना विचारलं, "येणाऱ्याजाणाऱ्या म्हातारीला चारचारदा समजावता तुमी. शकूला एकदा तरी सांगितलं का, आपण कुठं आलोय?" ते उठून कुठून तरी एक रिकामी बाटली घेऊन आले. पाणी भरलं, चिमूटभर हळद टाकली. ती काय, खिडकीच्या कडेवरूनही गोळा करता आली असती. कात्री घेतली, पट्टी कापली, आठ खाचा. आणि मग शकूसमोर, लांब, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर उकिडवे बसले.

"आवं शकूबाई," ते म्हणाले.  "साताऱ्याचं घर आता आपलं न्हाई. तिथं दुसरी माणसं ऱ्हात्यात. आपलं घर हे. भांडी कल्हईला न्हाई दिली. ती बघा, तिथं हायत. ही बाटली. रोज सकाळी एक खाच वतायची. आठ झाल्या का मी तुमास्नी साताऱ्याला न्हेणार. घर बघायचं, आन् परत हितंच यायचं. आता तुमी सांगा बघू, काय करायचं?"

शकू बाटलीकडे बघत होती. तात्या पहिल्यापासून सांगायला लागले. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "परत हितंच यायचं." तिचा आवाज ऐकून आईच्या हातातलं भांडं पडलं. त्या दुपारी ती भाकरी जेवली असं लिहायला मला आवडलं असतं. जेवली नाही. चौथ्या खाचेला तिने आई तव्यावर भाकरी टाकत असताना शेजारी उभं राहून पीठ, पाणी, तवा सगळं डोळ्यांखालून घातलं आणि ती भाकरी स्वतः उचलून चार तुकडे करून खाल्ली. आठव्या खाचेला तात्यांनी दुकानातून सुट्टी मागितली, शिव्या खाल्ल्या आणि ते आम्हाला एसटीने साताऱ्याला घेऊन गेले. आमच्या खोल्यांत कुणीतरी शिवणयंत्र टाकलं होतं. शकूने खिडकीच्या कडेवरून हात फिरवला, अकरा ठिकाणी बोट टेकवलं, आणि दारात येऊन उभी राहिली. "परत हितंच यायचं," ती म्हणाली, आणि स्टँडच्या दिशेला चालू लागली.

त्या दिवसापासून आमच्या घरात बाटली राहिली. पाहुणे येणार, मी शाळेच्या सहलीला जाणार, चुना मारायचा म्हणून सामान हलणार, सगळ्याला पट्टी. मी पुढे सरकारी दवाखान्यात नर्स झाले आणि सुई टोचताना "दुखणार नाही" असं एकाही पोराला म्हटलं नाही. दुखेल, पाच मोजेपर्यंत, असं सांगायचे. डॉक्टर चिडायचे. पोरं मोजायची. आणि तात्या शकूशी मरेपर्यंत खरं बोलले, पण त्यांच्या हातचा एक घासही तिने कधी खाल्ला नाही. ते रोज एकदा ताट तिच्यापुढे सरकवायचे. ती ते उचलायची, आईकडे द्यायची, आणि आईने पुन्हा वाढलं की जेवायची. तेवीस वर्षं हे चाललं. दवाखान्यात त्यांचा शेवटचा आठवडा होता तेव्हा मी शकूसाठी पट्टी नसलेली बाटली भरली, कारण किती खाचा ते मलाच ठाऊक नव्हतं, आणि तेही तिला तसंच सांगितलं.

या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मिरजेला. मुलगा पुण्याहून आला आहे. चांगला मुलगा आहे, मावशीवर जीव आहे त्याचा. काल चहा पिता पिता म्हणाला, "आई, मावशीला आधीपासून कशाला सांगतेस? उगाच पॅनिक होईल. तू अॅडमिट झालीस की बघू. फारच झालं तर डॉक्टर झोपेची एखादी माइल्ड गोळी देतील." अगदी मायेने म्हणाला. माझ्या तोंडाला आंबट पाणी सुटलं. मी उठून मोरीत जाऊन थुंकून आले, आणि त्याच्यासमोर कपाटातून बाटली काढली. आता काचेच्या मिळत नाहीत, सिरपची प्लॅस्टिकची आहे. पाच खाचा कापल्या आणि शकूला सांगितलं. सुमी दवाखान्यात. पाय कापून आत लोखंड घालणार. दुखणार. पाच खाचा सुमी नाही. मग सुमी घरी, काठी घेऊन. पाच दिवस चार वाजता पेढा नाही. शकूचे केस आता माझ्याहून पांढरे आहेत. ती म्हणाली, "पाच दिवस पेढा नाही," आणि बाटली उचलून खिडकीत, इतर बाटल्यांच्या रांगेत, उंचीप्रमाणे लावली.

कारण पेढा अजून आहे. रोज चार वाजता आहे. त्या गुरुवारनंतर वर्षभराने ती पुन्हा उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली, तेव्हापासून मी घरी असताना एक दिवस चुकलेला नाही. फक्त आता भरवते ती. पेढा स्वतः हातात घेते, उलटासुलटा करून बघते, मोडते, आणि कोणता अर्धा कुणाचा ते ती ठरवते. माझा अर्धा माझ्या तोंडात घालते. शेजारच्या काकू काल तेव्हाच आल्या होत्या, हात जोडून म्हणाल्या, "काय जीव आहे हो बहिणीचा बहिणीवर! आधी तुम्हाला, मग स्वतःला." मी काही बोलले नाही, कारण तोंडात पेढा होता. तो तुपकट गोळा मी जिभेवरून मागे ढकलला, डोळे मिटून गिळला. शकू माझ्या गळ्याकडे बघत होती. तिचा अर्धा तिच्या मुठीत तसाच होता. मग मी रोजच्यासारखं मोठा आ करून तिला तोंड दाखवलं, जीभ वर करून खालचंही दाखवलं, आणि मगच तिने खाल्ला.